सगीराबीचा दोन पाळ्यांचा ऑर्केस्ट्रा

सगीराबीला कुणी ‘संगीत शिक्षिका’ म्हटलं की ती त्याच्या अंगावर जायची. “शिक्षिका होगी तेरी सास. मैं ढोलकवाली हूं,” असं म्हणून पान गालात सरकवायची आणि पुढचं ऐकूनच घ्यायची नाही. म्हणून मीही तिला शिक्षिका म्हणणार नाही. पण औरंगाबादच्या त्या एका इमारतीतल्या दोन शाळांमध्ये पोरांना गाणं-वाजवणं कुणी शिकवलं, असं मला विचाराल तर मी तिचंच नाव घेईन. आणि त्यावर कुणी “तिची पदवी काय?” असं विचारलं, तर त्याला पहिलं माझ्याशी भांडावं लागेल.

नगरपालिकेचे दिवस होते, महानगरपालिका अजून व्हायची होती. औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत ती दगडी इमारत. सकाळी तिथं उर्दू शाळा भरायची, दुपारी मराठी. बाकडी तीच, फळे तेच, पाण्याची टाकी तीच आणि टाकीचा गळका नळही तोच. फक्त पोरं बदलायची. आणि ही अदलाबदल व्हायचा तो मधला अर्धा तास म्हणजे रोजची लढाई. बाहेर पडणारी पोरं आत जाणाऱ्यांच्या दप्तराला लोंबकळायची, आत जाणारी बाहेर पडणाऱ्यांच्या टोप्या उडवायची. भांडणाचं मूळ होतं कवायतीचा एक ढोल. दोन्ही शाळांत मिळून तो एकच. सव्वीस जानेवारी जवळ आली की हे म्हणायचे ढोल आमचा, ते म्हणायचे हमारा. हेडमास्तर दोन, शिपाई दोन. पण गेट एकच, त्यामुळं मार दोन्हीकडून पडायचा.

अशाच एका दुपारी सगीराबी कुठल्याशा लग्नाच्या हळदीवरून घरी चालली होती. खांद्याला ढोलक. तिची नात शकीला उर्दू शाळेत पाचवीला. गेटाशी येऊन बघते, तर शकीलाच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ, आणि समोर मराठी शाळेतला सांडू हातात दुसरा खडा घेऊन उभा. दुसरी कुणी असती तर सांडूच्या कानाखाली वाजवली असती. सगीराबीनं पायरीवर बसकण मारली, ढोलक मांडीखाली घेतली आणि अशी थाप दिली की पोरं जागच्या जागी थिजली.

“लडना है? लडो,” ती म्हणाली. “पन तालात भांडायचं. जो तालाबाहेर गेला, तो हारला. आन ज्याला राग आला, तो बी हारला.”

मी त्या वेळी समोरच्या चहाच्या टपरीवर होतो. आमच्या वस्ती समितीचा मी पुढारी. पोरांच्या मारामाऱ्या सोडवण्यात माझ्या शर्टाच्या दोन बाह्या गेल्या होत्या. मी धावत गेलो. ती म्हणाली, “ओ लीडर, बीच में नक्को आ. ये शादी का मामला है.”

लग्नाचाच मामला होता. आपल्याकडं लग्नात नवरीकडच्या बाया नवऱ्याकडच्यांना गाण्यातून टोमणे मारतात, हे कुणाला सांगायला नको. मराठी घरात विहिणीला गाणी म्हणतात, मुसलमान घरात ढोलकीवर समधी-समधनीची, म्हणजे व्याही-विहिणीची, टिंगल होते. नाक, पोट, चाल, कंजूषपणा, काहीही सोडत नाहीत. आईबाप आणि जातधर्म मात्र काढायचे नाहीत. ज्याच्यावर गाणं झालं त्यानं रागवायचं नाही, हसायचं आणि ढोलकीपुढं काहीतरी ठेवायचं. त्याला नेग म्हणतात, आपण आहेर म्हणू. सगीराबीनं तिथंच वाटणी केली. उर्दू शाळा नवरीकडची, मराठी शाळा नवऱ्याकडची. “चल, तू शुरू कर,” असं सांडूलाच म्हणाली. “पत्थर फेकनेवाला आधी.”

सांडू हलगीवाल्याच्या घरातला. ताल त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती, त्यानं खडा टाकला आणि सुरू केलं:

“तुमच्या शाळेची घंटा बाई, फुटक्या ताटावानी”

मराठी पोरं खिदळली. शकीलानं टेंगूळ चोळत क्षणभर विचार केला आणि दिलं परत:

“तुम्हारी पाळी में वोइच घंटा, क्यूं रे बने सयाने?”

खरंच की! शाळेची इमारत एक, घंटा एक, नळ एक. जी शिवी द्यावी ती फिरून आपल्याच घरी. पोरं आधी गोंधळली, मग जी हसत सुटली ती दोन्हीकडचे शिपाई काठ्या घेऊन आले तेव्हाच थांबली. त्या दिवशी कुणी ढोलावरून भांडलं नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या अर्ध्या तासाला पोरं गेटावर सगीराबीची वाट बघत उभी. आली ती. आणि मग येतच राहिली.

ही बाई मूळची गंगापूरकडची. बाप पिंजारी, कापसाच्या दिवसांत गावोगाव गाद्या पिंजत फिरायचा. पोलीस अ‍ॅक्शनच्या साली ती आठ-दहा वर्षांची असेल. त्या वाईट दिवसांत चतुराबाई नावाच्या शेजारणीनं तिला आणि तिच्या आईला आपल्या घरात ठेवून घेतलं. “दरवाजा बंद करके बैठे तो करना क्या?” सगीराबी सांगायची. “चतुराबाईनं विहिनीची गाणी शिकवली, माझ्या आईनं तिला समधनीची. बाहेर लोगां एकमेकांच्या जिवावर उठले होते, आन आत आम्ही नसलेल्या विहिनीला शिव्या देत होतो.” हे सांगताना ती हसायची; पण त्या चतुराबाईचं नाव तिनं वजू केल्याशिवाय, म्हणजे नमाजाआधी धुतात तसे हातपाय-तोंड धुतल्याशिवाय, कधी घेतलं नाही, असं तिचा नवरा मोहियोद्दीनभाई मला म्हणाला होता. लग्न होऊन ती औरंगाबादला आली. मोहियोद्दीनभाई स्टोव्ह दुरुस्त करायचे. तोंडानं कमी बोलायचे, स्टोव्हला पिन मारताना मात्र गुणगुणायचे.

तिचा एक नेम होता. ढोलकीवर गायची ती बायकांतच. पुरुषांसमोर बसून ती कधी गायली नाही. पोरांचं तिला वावडं नव्हतं. “ये लोगां अभी मर्द कहां हुए, अभी तो नाक पुसता येत नाय,” असं म्हणायची.

तर असा तो वर्ग. पुढं काय काय जमत गेलं ते सांगतो. सांडूनं घरून हलगी आणली. मराठी शाळेतल्या द्वारकीनं आजोबांचे टाळ आणले. कुणाच्या मामानं बुलबुलतरंग दिलं, त्याच्या निम्म्या पट्ट्या गायब. एका बँडवाल्यानं क्लॅरिनेट टाकून दिली होती, तिच्यातून सूर कमी आणि वारा जास्त यायचा. ती वाजवायला मोठ्या छातीचा वहाब लागायचा. एक डफ, एक तुणतुणं, आणि शेवटी दोन्ही शाळांनी मिळून तो भांडणाचा ढोलही देऊन टाकला. पोरांनीच त्याला ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणायला सुरुवात केली, कारण त्या काळी औरंगाबादेत कुठलाही कार्यक्रम मोठा करायचा तर त्याला ऑर्केस्ट्रा म्हणावं लागायचं.

शिकवायची तिची तऱ्हाही तिचीच. दर आठवड्याला ती बाजू बदलायची. या आठवड्याला उर्दू शाळा नवरीकडची, तर पुढच्या आठवड्याला नवऱ्याकडची. आणि बाजू बदलली की गाणीही बदलायची. उर्दूची पोरं विहिणीची मराठी गाणी म्हणायची, मराठीची पोरं दखनी. समोरच्याची टिंगल त्याच्याच बोलीत करायची, हा नियम. “उसकी जबान में गाली दिए तो उसकू लगती ना! तुमच्या बोलीत दिली तर त्याला काय कळंल?” असं तिचं म्हणणं. टिंगल लागावी म्हणून पोरं एकमेकांची बोली अशी घोकायची, की मास्तरांच्या छडीनं कधी घोकली नसती. मराठी पोरं तिला ‘खालाबाई’ म्हणायची. खाला म्हणजे मावशी, त्यावर पुन्हा बाई! तिला ते फार आवडायचं.

भिंतीवर रंगवलेली ‘एकात्मता’ मी पुष्कळ पाहिली आहे. टोपी घातलेलं एक पोरगं, टिळा लावलेलं एक पोरगं, हातात हात, आणि खाली रंगवणाऱ्या पुढाऱ्याचं नाव. मला त्याची चीड येते. इथं पोरं एकमेकांना गाण्यातून नावं ठेवायची आणि जाताना एकमेकांच्या गळ्यात हात टाकून जायची. ही एकात्मता मला कळते.

हेडमास्तरांना मात्र कळायला वेळ लागला. मराठी शाळेचे बद्रीनाथ सर काळजीनंच वाळलेले. उर्दू शाळेचे हैदर सर शेरवानीतले, अस्सल उर्दूचे भोक्ते. दखनी ऐकली की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. “बी, जरा शाइस्ता जबान सिखाइए,” म्हणजे सभ्य भाषा शिकवा, असं ते म्हणायचे. सगीराबी म्हणायची, “सर, शाइस्ता जबान में झगडा होताइच नै.” पण गेटावरची मारामारी थांबली होती, हे दोघांनाही दिसत होतं. म्हणून त्यांनी जिन्याशेजारची रिकामी खोली वर्गाला दिली. वाद्यं तिथं राहायची, ढोलकीला ओल लागायची नाही, आणि मधला अर्धा तास वाद्यं वाहण्यात जायचा नाही.

आणि नेमकी हीच खोली आप्पासाहेबांच्या डोळ्यांत भरली.

आप्पासाहेब आमच्या वॉर्डाचे नगरसेवक. धंदा मांडवाचा. पडदे, सतरंज्या, खुर्च्या आणि लाउडस्पीकरचे कर्णे. गोदाम कमी पडायला लागलं, म्हणून एक दिवस त्यांची माणसं येऊन खोलीत चार कर्णे आणि पडद्यांचे गठ्ठे टाकून गेली. वाद्यं व्हरांड्यात. मी तावातावानं त्यांच्या दुकानावर गेलो.

“ही शाळेची खोली हाय, आप्पासाहेब!”

“व्हय की. आन माझं सामान बी शाळेच्याच गॅदरिंगला लागतं,” आप्पासाहेब चहा बशीत ओतत म्हणाले. “पोरं गातील की अंगणात. लीडर, माझे पडदे उन्हानं इटतात. पोरं इटत्यात का?”

मी मोर्चाची भाषा केली. त्यांनी माझ्यासाठी आणखी एक चहा सांगितला. अशा माणसाशी भांडण फार कठीण. गॅदरिंग झालं की सोमवारी उरलेलं सामान आत येईल आणि खोलीला आपलं कुलूप लागेल, हे त्यांनी मला गोड आवाजात सांगितलं. हेडमास्तरांच्या हातात काही नव्हतं. नगरसेवकाला नाही कोण म्हणणार?

सगीराबीला सांगितलं, तर तिनं ढोलक मांडीवरून खाली ठेवली. मग म्हणाली, “पहले इसके भोंगोंने मेरेकू शादियों में से निकाला. सिनेमा के गाने लावत्यात, ढोलकवाली कू कोन बुलाता अब? इथं पोरांत जीव लावला, तर भोंगे इथं बी आले.” खरं होतं. हळदीला तिला बोलावणारी घरं दरसाल कमी होत होती. तिच्या स्वतःच्या घरी स्टोव्हच्या ढिगाऱ्यात मांडी घालायला जागा नव्हती. खोली गेली की वर्ग गेला, आणि वर्ग गेला की तिची गाणी ऐकायला औरंगाबादेत तिच्याशिवाय कुणी उरणार नव्हतं.

ते गॅदरिंग दोन्ही शाळांचं मिळून ठरलं होतं. अध्यक्ष आप्पासाहेब, कारण मांडव त्यांचा. प्रमुख पाहुणे नानासाहेब, शिक्षण खात्यातले मोठे साहेब. बद्रीनाथ सर सगीराबीला भेटायला मुद्दाम व्हरांड्यात आले.

“खालाबाई, स्वागतगीत तुमच्या ऑर्केस्ट्रानं म्हणायचं. पाहुण्यांचं नाव गाण्यात आलं पाहिजे. मानानं.”

“आएगा. मान से आएगा. साहेब दिखता कैसा?”

“दिसायला? भारदस्त आहेत. मोठ्या मिशा आहेत. जीपनं येतात.”

“बस,” सगीराबी म्हणाली. “इतना बहोत है.”

सर खूष होऊन गेले. गाणं काय आहे हे त्यांनी विचारलं नाही. हैदर सरांना वाटलं बद्रीनाथ सरांनी ऐकलंय, बद्रीनाथ सरांना वाटलं गाणं उर्दू असेल तर हैदर सरांनी ऐकलंय. दोन पाळ्यांच्या शाळेत हे असंच चालतं. आणि सगीराबीच्या मनात तर काही खोटच नव्हती. पाहुण्याचं मानानं स्वागत करायचं म्हणजे काय करायचं, हे ती लहानपणापासून जाणत होती. ज्याची टिंगल होत नाही त्या पाहुण्याचा अपमान, ही तिची साधी समजूत.

गॅदरिंगचा दिवस. अंगणात मांडव खचाखच. पुढं पुरुष, मागं दोन्ही शाळांच्या पोरांच्या आया. लुगडी, बुरखे, कडेवर पोरं. स्टेजच्या कडेला आप्पासाहेबांचाच एक जाड पडदा लावला होता, त्याच्या मागं सगीराबी ढोलक घेऊन बसली. स्टेजवर पोरं. मी पडद्याजवळ माईक सांभाळायला. मोहियोद्दीनभाईही कधी नव्हे ते दुकान बंद करून मधल्या रांगेत येऊन बसले होते.

पडद्यामागून थाप पडली. सांडूची हलगी, वहाबची वाऱ्याची क्लॅरिनेट, टाळ, डफ, सगळं एकदम उठलं. आणि उर्दू शाळेच्या पोरांनी खणखणीत मराठीत सुरुवात केली:

“पाव्हणे आले, पाव्हणे आले, नानासाहेब आले
पोट आलं आधी बाई, मागून साहेब आले!”

बद्रीनाथ सरांच्या हातातला हार खाली पडला. ते सावरतात न सावरतात तोच द्वारकी आणि मराठी शाळेची पोरं पुढं सरकली:

“समधी आए, समधी आए, जीप में बैठ के आए
मूछां लाए इत्ती लंबी, अकल घर कू छोड के आए!”

हैदर सर उठून उभे राहिले, पण उभं राहून काय करायचं ते त्यांना सुचेना, म्हणून बसले. नानासाहेबांचा हात आपसूक पोटावर गेला. त्यांनी पोटाकडं पाहिलं, पोरांकडं पाहिलं. मागं बायकांत एकजण फिस्कन हसली. आणि मग नानासाहेबांचं ते पोटच हलायला लागलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले ते.

“माझ्या लग्नात सासुरवाडीच्या बायांनी माझे कान काढले होते,” ते माईकवर म्हणाले. “पोटावर गाणं आज पहिल्यांदा झालं. अरे, तेव्हा पोट नव्हतंच!” त्यांनी गळ्यातला हार काढला, सत्काराचा नारळ घेतला आणि दोन्ही वस्तू शकीलाच्या हाती देऊन म्हणाले, “ढोलकीपुढं ठेव. मला रीत माहीत हाय.”

टाळ्या थांबेनात. बद्रीनाथ सरांनी घाम पुसला. पोरांनी आणखी दोन गाणी वाजवली. सगळं निभावलं असं वाटलं, आणि आप्पासाहेब अध्यक्षीय भाषणाला उठले. तोंड असं, जसं जेवणाच्या पंगतीत त्यांच्या पानावरून वाढपी तसाच पुढं गेला असावा.

“पाव्हण्यांचं नाव घेतलं. एकदा मराठीत, एकदा उर्दूत,” ते म्हणाले. “चांगलं झालं. पन अध्यक्ष म्हणून बसलेला मानूस काय खांब हाय? मांडव माझा. सतरंज्या माझ्या. हा भोंगा माझा—”

“गाणं तेवढं आमचं!” मागून कुणीतरी ओरडलं.

हसणं झालं आणि आप्पासाहेब आणखी लाल झाले. “ज्या वर्गाला यजमानाचा मान ठेवायचं कळत नाय, त्याला खोली कशाला पायजे? सोमवारचं काय घेऊन बसलात, उद्याच माझं सामान आत जाईल!”

पोरांचे चेहरे उतरले. सांडूनं हलगी खाली ठेवली. मी तर माईक सोडून आप्पासाहेबांच्या अंगावरच जाणार होतो, तेवढ्यात पडद्याखालून माझी पँट ओढली गेली.

“क्या बोलता वो? नाम नै लिया बोलके रूठा?” सगीराबी आतून कुजबुजली. तिला खरंच नवल वाटत होतं. “अरे, मांडव उसका, मतलब वो अपने घर का हुआ. आपल्या माणसाला कोन चिडवतं? चिडवायचं ते पाव्हण्याला!”

“ते त्यांना कोण समजावणार?”

“माईक इधर सरका, लीडर.”

हैदर सरांनी ते ऐकलं. “बी, आप? इतने मर्दों के सामने?”

“सामने कहां, सर? परदा है ना बीच में. शादियों में भी मर्दां दीवार के उस पार से सुनतेच हैं. कान बंद करके बैठते क्या?” मग माझ्याकडं वळून, “सरका बोली ना! जाता है वो.”

मी माईक पडद्याच्या फटीतून आत सरकवला. आप्पासाहेब स्टेजवरून उतरायला लागले होते. ढोलक वाजली. आणि त्यांच्याच कर्ण्यांतून, साऱ्या गल्लीवर, एक जाड, पानानं भरलेला, मस्तीखोर आवाज पसरला. गाणं तिथल्या तिथं जुळवत होती ती:

“आप्पासाहेब रूठे बाई, मुंह फुला के बैठे
अपनेच घर की शादी में समधी बन के बैठे!”

आप्पासाहेबांचा पाय पायरीवरच थांबला. आपलं नाव आलं! ते वळले. चेहऱ्यावर राग आणि आनंद यांची अशी मारामारी चालली होती की बघत राहावं. ढोलक क्षणभर हळू झाली आणि सगीराबी मराठीत आली:

“आपले असाल, आप्पासाहेब, खोलीचा नाद सोडा
पाव्हणे असाल, आप्पासाहेब, आहेर खोली सोडा!”

दोन ओळी, आणि माणूस दोन्हीकडून बांधला गेला. घरचा म्हणावं तर घरच्या पोरांची खोली कोण घेतं? पाहुणा म्हणावं तर आहेर दिल्याशिवाय उठता येत नाही. मागच्या बायकांना हे सगळ्यांच्या आधी कळलं. त्यांनी ताल धरला, “खोली सोडा, खोली सोडा.” लुगडीवाल्या आणि बुरखेवाल्या, टाळ्या एका लयीत. सांडूनं हलगी उचलली. वहाबनं गाल फुगवले. पोरं नाचायलाच लागली.

आप्पासाहेबांनी नानासाहेबांकडं मदतीसाठी पाहिलं. नानासाहेब पोटावर हात ठेवून म्हणाले, “मी दिलाय माझा नारळ. आता तुमचं तुम्ही बघा.”

“बरं बाबा, दिली!” आप्पासाहेब ओरडले. “दिली खोली!”

मी आयुष्यात पुढाऱ्यांची आश्वासनं पुष्कळ ऐकलीत. म्हणून माईक पडद्यातून खेचून सरळ त्यांच्या तोंडापुढं धरला. “असं नाही. मांडव लग्नाचा, समधी तुम्ही. निकाहासारखं तीनदा म्हणायचं.”

मांडव कोसळतो की काय असा हशा झाला. आप्पासाहेबही शेवटी हसले. माणूस वाईट नव्हता, मांडववाला होता. छातीवर हात ठेवून म्हणाले, “कबूल. कबूल. कबूल! आन पुढल्या साली पहिलं नाव माझं. आधीच सांगून ठेवतो.”

“तुम्हारी नाक पे गाऊंगी!” पडद्यामागून उत्तर आलं.

कार्यक्रम संपल्यावर सगीराबी बुरखा सावरत बाहेर आली, तेव्हा मोहियोद्दीनभाई ढोलक घ्यायला उभे होते. ती त्यांच्याकडं बघेना. इतक्या माणसांत आपला आवाज गेला, नवरा काय म्हणेल याची तिला तेवढ्यापुरती धाकधूक असावी. ते ढोलक खांद्याला लावत म्हणाले, “बीस-पच्चीस साल दीवार के पीछे से सुना. आज भोंगे में सुना.”

“फिर?”

“दीवार में आवाज जास्ती अच्छा था.”

तिनं त्यांच्या पाठीत असा धपाटा घातला की मागची पोरं तालात ओरडली.

दुसऱ्या दिवशी मधल्या अर्ध्या तासाला आप्पासाहेबांची दोन माणसं खोलीतलं सामान काढायला आली. पोरं वाद्यं घेऊन व्हरांड्यात बसलेलीच होती. फुकट कशी बसतील? हमाल कर्णा घेऊन बाहेर पडला की त्याच्या टकलावर एक ओळ, पडद्याचा गठ्ठा घेऊन निघाला की त्याच्या चालीवर एक ओळ. पहिला हमाल वैतागला. दुसरा गठ्ठा डोक्यावर घेऊन पायरीवर थांबला, पोरांकडं पाहिलं, आणि तालाची एक फेरी जाऊ देऊन बरोबर समेवर त्यानं सांडूच्या मोडक्या चपलेवर एक ओळ टाकली. सांडूला उत्तर सुचेना.

सगीराबी ताडकन उठली आणि त्या हमालाचा गठ्ठा दोन्ही हातांनी धरून ठेवला.

“नाव काय रे तुझं? कल से इधर आनेका. ये लोगां कू जवाब देनेवाला कोई नै मिल रहा.”

“बाई, मला काम हाय,” तो म्हणाला.

“मधल्या अर्ध्या तासाला जेवतोस ना? इथं जेव,” ती म्हणाली आणि पोरांकडं वळून ओरडली, “चलो रे, सरको. नवरीकडं एक माणूस वाढला.”